चोवीस घरांत न मावलेलं नाव

सभेत हात वर करणं कमळाकर ओव्हाळांच्या स्वभावात नव्हतं. तीस वर्षं तारखात्यात नोकरी करून ते निवृत्त झाले आणि कर्जतच्या नेत्रसेवा मंडळाचे सभासद झाले, तेही घरी फॉर्म घेऊन आलेल्या माणसाला नाही म्हणता येईना म्हणून. सभेत ते दाराजवळच्या खुर्चीत बसत आणि मांडीवर पुस्तक उघडून ठेवत.

१९८८च्या मार्चमधल्या सभेत डॉ. जया वर्तक यांनी मुंबईहून आणलेला संगणक टेबलावर ठेवला आणि विचारलं, "हा कोण चालवणार?" सगळे सभासद एकदम पंख्याकडे बघू लागले. नेमक्या त्याच क्षणी ओव्हाळांनी पान उलटण्यासाठी बोट ओलं करायला हात तोंडाकडे नेला.

"वा! तारबाबू तयार आहेत," कार्यवाह म्हणाले आणि टाळ्या पडल्या. हात खाली घेण्याची एक सभ्य वेळ असते. ती टळून गेली होती.

घरी बायकोला, जनाबाईंना, त्यांनी हे सांगितलं तेव्हा त्या भाकरी थापत होत्या. "रेडिओचं बटण फिरवलंत तर तीन दिवस स्टेशन सापडत नाय आपल्याला," त्या म्हणाल्या आणि भाकरी उलटली. शेजारचे विठूअण्णा रेल्वेतून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांना सर्व यंत्रांविषयी मत होतं. ते म्हणाले, "त्याच्यासमोर शिंकू नका. आणि दर तासाला त्याला जरा बसू द्या, इंजिनाला पाणी देतात तसं."

ओव्हाळांनी यंत्राला हात लावण्याआधी त्याचं पुस्तक तीनदा वाचलं. पहिल्यांदा प्रस्तावना, शेवटी छापखान्याचा पत्ता. मधलं काही सोडून पुढे जाणं त्यांना अप्रामाणिकपणाचं वाटे.

मंडळाचं काम साधं होतं. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कर्जतच्या एका शाळेत मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया होत. कर्जत आणि खालापूर, दोन्ही तालुक्यांतून म्हातारी माणसं येत. पूर्वी त्यांची नोंद वहीत व्हायची: "भागी, पळसदरी, उ." उ म्हणजे उजवा डोळा. नाव झालं, गाव झालं, डोळा झाला. बाकी माणूस वहीबाहेर.

असं नाव तोडणं ओव्हाळांना फार वर्षं खुपत होतं. त्याला कारण होतं. त्यांचे वडील सखाराम शाळेच्या पटावर आणि सरकारी कागदावर आयुष्यभर 'सख्या' होते. छप्पन्न साली दीक्षा घेतल्यावर वडील धुतलेला सदरा घालून कचेरीत गेले आणि म्हणाले, माझं नाव नीट लिहा, सखाराम धोंडिराम ओव्हाळ. कारकुनाने रजिस्टर बघितलं आणि म्हणाला, "रकान्यात मावत नाही." तरुण कमळाकर तेव्हा शेजारी उभे होते. पुढे तारखात्यात त्यांनी स्वतःच तीस वर्षं लोकांची नावं तोडून तारेत बसवली. आता निवृत्तीनंतर तरी, हे यंत्र हाती आलंच आहे तर, प्रत्येकाचं नाव पूर्ण आणि मानाने लिहायचं असं त्यांनी ठरवलं. बाईला बाई, पुरुषाला भाऊ किंवा राव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव, वाडी, गाव. हा निश्चय त्यांनी कुणाला सांगितला नाही. सांगण्यासारखं त्यात काय आहे, असं त्यांना वाटलं.

यंत्र इंग्रजी अक्षरंच जाणत होतं. ते आधी विचारी, कुठला डोळा? आर म्हणजे उजवा, एल म्हणजे डावा. मग विचारी, गट कुठला? ए म्हणजे रविवारी सकाळी, बी म्हणजे दुपारी, सी म्हणजे सोमवारी. शेवटी नाव. ओव्हाळ एका बोटाने टाइप करत. तारयंत्रावर आयुष्य एका बोटावरच गेलं होतं. एप्रिलच्या शिबिरासाठी त्यांनी एक्केचाळीस माणसं अशी अदबीने आत बसवली. यंत्राने एकदाही कुरकुर केली नाही. छापील यादी शाळेच्या भिंतीवर लागली तेव्हा ओव्हाळ तिच्यापासून जरा दूर, पण ती दिसेल असे उभे राहिले.

शनिवारी दुपारी परिचारिका भीमाबाई यादी घेऊन बसल्या. ज्या डोळ्याची शस्त्रक्रिया, त्याच्या पापण्यांचे केस आदल्या दिवशी कापायचे असतात. पळसदरीच्या वरच्या ठाकूरवाडीतली भागीबाई समोर आली. भीमाबाईंनी यादी बघितली आणि कात्री चालवली. अर्ध्या पापण्या गेल्यावर म्हातारी ओरडली.

"अगं बाय, ह्यो न्हवं! ह्या डोळ्यानं तर मी तुला बघतेय!"

"यादीत डावा आहे, आजी."

"यादीला काय म्हाईत? डोळा माजा हाय का यादीचा?"

मग धावपळ झाली. भागीबाईचा उजवा डोळा दुधाळ झालेला सगळ्यांना दिसत होता, आणि यादीत डावा होता. शिवाय गटाच्या जागी 'ई' होतं. असा गट मंडळाने कधी काढलेलाच नव्हता. आणखीही कित्येक ओळींत डोळ्याच्या आणि गटाच्या जागी भलतीच अक्षरं निघाली. भागीबाईने पदर खोचला, कापलेल्या पापण्यांची मोजदाद मागितली आणि "पुडल्या बारीला बगू" म्हणून तशीच वाडीवर निघून गेली.

दुसरीकडे माथेरानला घोडे चालवणारा हिरूभाऊ धाऊ वाघ, ज्याला डॉक्टरांनी सोमवारी ठेवलं होतं, तो यादीत रविवारी सकाळी पहिल्या गटात निघाला. तो खुशीत होता. त्याने ओव्हाळांना माथेरानला फुकट घोडा देऊ केला. ओव्हाळांना घोड्याची भीती वाटे, पण नाही कसं म्हणायचं म्हणून ते हो म्हणाले.

डॉक्टर जयाबाई रागावल्या नाहीत, त्याने ओव्हाळांना जास्तच लागलं. "मी डोळा बघितल्याशिवाय हात लावत नाही, म्हणून काही बिघडलं नाही," त्या म्हणाल्या. "पण यादीवर भरवसा ठेवता आला पाहिजे. मेच्या शिबिरापर्यंत कारण सापडलं तर बरं. नाहीतर यंत्र मी परत नेते. आपली वही आहेच."

वही. म्हणजे पुन्हा "भागी, पळसदरी, उ."

ओव्हाळांनी प्रथम स्वतःवरच संशय घेतला. हा त्यांचा जुना रिवाज होता. घरात दूध उतू गेलं तरी ते आधी आपण कुठे होतो ते आठवत. त्यांनी भागीबाईचं नाव सहा वेळा नव्याने भरलं. सहाही वेळा आर टाइप केला, सहाही वेळा कागदावर एल आला. सातव्यांदा त्यांनी शेजारी जनाबाईंना साक्षीला बसवलं. त्या म्हणाल्या, "आर दाबलंत, मी बघितलं. एल आलं, तेही बघितलं. आता जेवायला चला."

मेच्या शिबिराची नोंदणी एप्रिलच्या शेवटच्या रविवारी होती. रोगी आणायचं काम चंदरच्या टेंपोकडे होतं. चंदर सातवी शिकलेला, आणि कुठल्या फाटकाला किती वेळ थांबावं लागेल हे वासावरून ओळखणारा माणूस. तो रांगेतल्या प्रत्येकाच्या कानात काहीतरी सांगून मगच पुढे सोडत होता.

"नाव?"

"पांडूराव गोविंदराव माथेरान."

"गाव?"

"त्यातच आलं की, बाबू."

पुढचाही माथेरानचा. त्याच्या पुढचाही. मग एकदम खालापूरचे सुरू झाले. दुपारपर्यंत त्रेपन्न माणसं झाली आणि नेरळ, शेलू, चौक, खोपोली ही गावं जणू त्या वैशाखात ओस पडली होती. शेवटी त्यांच्या ओळखीच्या पारूबाई समोर आल्या.

"पारूबाई, तुम्ही शेलूच्या ना?"

"व्हय."

"मग खालापूर का सांगता?"

"ऱ्हायला शेलूला. पण मशिनीसाठी खालापूरची. माजा डावा डोळा हाय नव्हं!"

ओव्हाळांनी चष्मा काढून पुसला आणि चंदरला आत बोलावलं.

"तारबाबू, मला इचारू नका का ते," चंदर म्हणाला. "भिंतीवरची यादी मी बोट लावून मोजली. त्या हिरूचं माथेरान बरोब्बर कडेला लागलंय, म्हून त्यो पयल्या नंबरात. मी माझ्या सासऱ्याचं नाव येका रावनं लांबवून बगितलं. काम झालं. उजव्या डोळ्याला माथेरान, डाव्याला खालापूर. मदी राव, भाऊ, बाई घालून फक्त नेम धरायचा."

"आणि हे तू सगळ्यांना सांगितलंस?"

"म्हातारी मान्सं हायत. सोमवारपत्तुर कुठं ताटकळत ठेवायची?"

चंदरने कुलूप फोडलं नव्हतं. दारावर जरा लांब नाव लिहून तो आत शिरला होता, आणि मागे त्रेपन्न म्हातारी माणसं घेऊन. ओव्हाळांना राग यायला हवा होता. पण त्यांनी कागद ओढला आणि चौकोन आखून अक्षरं मोजायला घेतली. हिरूभाऊ धाऊ वाघ माथेरान. मधल्या मोकळ्या जागा धरून इंग्रजीत माथेरानमधला आर बरोबर पंचविसावा, आणि त्यामागचा ए सव्विसावा. भागीबाई मंगळ्या आगिवले. इंग्रजीत दोन ए लावून सुरू होणाऱ्या आगिवलेतला एल पंचविसावा, ई सव्विसावा. खालापुरातही एलमागे लगेच ए. म्हणजे यंत्रात नावाला चोवीस घरं होती, पंचविसावं घर डोळ्याचं, सव्विसावं गटाचं, आणि त्यापुढे रिकामा शेरा. नाव चोवीस घरं भरून थांबत नव्हतं. ते शेजारच्याच्या घरात शिरत होतं, तिथल्याला उठवून स्वतः बसत होतं, आणि शेपूट शेऱ्यात पसरून देत होतं. "ठाकूरवाडी पळसदरी" शेऱ्यात इतकं नीट छापलं गेलं होतं की ते तिथलंच आहे असं सगळ्यांना वाटलं.

आपलं बोट चुकलं नव्हतं, हे कळल्यावर ओव्हाळ अंगणात जाऊन दोन मिनिटं नुसते उभे राहिले.

मग त्यांनी पोस्टातून मुंबईला डॉक्टरांच्या पुतण्याला ट्रंककॉल लावला. यंत्रातला नोंदीचा प्रोग्रॅम त्याने लिहिला होता. तो म्हणाला, "काका, एवढी लांब नावं लिहितं का कुणी? 'भागी' लिहा की. रकान्यात मावत नाही, आपण तरी काय करणार?"

बत्तीस वर्षांनी तेच वाक्य पुन्हा कानावर आलं. ओव्हाळ सहसा कुणाचं बोलणं तोडत नसत. त्या दिवशी त्यांनी फोन खाली ठेवला, तोही 'ठेवतो' न म्हणता. नंतर दिवसभर त्यांना त्याचा पश्चात्ताप होत राहिला.

पण ठेवण्याआधी एक गोष्ट कळली होती. नाव उचलून घरात ठेवण्याचं काम पुतण्याने स्वतः लिहिलंच नव्हतं. पुण्याच्या काही संगणकवेड्यांनी असली नेहमी लागणारी कामं आयती लिहून एका फ्लॉपीवर जमवली होती. तारीख मांडणं, यादी लावणं, नाव इकडून तिकडे नेणं. त्याला कुलूप नव्हतं. ज्याला हवं त्याने घ्यावं, आतलं सगळं वाचावं, सुधारावं, पुढच्याला द्यावं, असं वरच लिहिलं होतं. ती फ्लॉपी हातोहात शेकडो ठिकाणी गेली होती. दवाखाने, कारखाने, कचेऱ्या. आणि ती सर्वांना वाचायला खुली असल्यामुळे प्रत्येकाने धरून चाललं होतं की दुसऱ्या कुणीतरी ती वाचलेलीच असणार.

तिचा छापील मजकूर यंत्राच्या खोक्यात तळाशी होता. एकशे चाळीस पानं, दोराही न सोडलेली. ओव्हाळांनी तो घरी आणला आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. विठूअण्णांनी डोकावून विचारलं, "कथानक काय आहे?" ओव्हाळ म्हणाले, "अजून पात्रांची ओळख चालू आहे." पाचव्या दिवशी, सत्त्याऐंशीव्या पानावर, त्यांना ते सापडलं. सहा ओळी. त्यांचा अर्थ एवढाच होता: एक अक्षर उचल, पुढच्या घरात ठेव, नाव संपेपर्यंत हेच कर. घरं किती आहेत, हे कुठेच विचारलेलं नव्हतं.

सापडलं खरं, पण करायचं काय? नाव चोवीसवर कापायला सांगावं तर तो कारकून जिंकला. घरं वाढवून साठ करावीत तर चंदर उद्या एकसष्ट अक्षरांचा माणूस टेंपोतून आणील. ओव्हाळांनी दोन दिवस पेन्सिल चावली. आपण ह्या वयात, मॅट्रिकच्या इंग्रजीवर, पुण्यातल्या हुशार लोकांच्या लिखाणात चूक काढतो आहोत, म्हणजे चूक आपल्या समजण्यातच असणार, असंही त्यांना अधूनमधून वाटून गेलं. त्यांनी सत्त्याऐंशीवं पान पुन्हा वाचलं. चूक तिथेच होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी दारात भागीबाई उभी राहिली. डोक्यावर करवंदांची पाटी, डाव्या डोळ्यावर पापण्यांचे खुंट.

"तारबाबू, पापन्या उगवल्या न्हाईत अजून. तोवर करवंदं घ्या."

शरमेने ओव्हाळांनी दोन मापं सांगितली. भागीबाई उंबऱ्यापाशी बसली. दुधाळ उजवा डोळा आणि अधू डावा, दोन्ही समोरच्या भिंतीकडे लावून तिने पत्र्याचं माप डाव्या हातात धरलं, अंगठा आतल्या बाजूने काठावर टेकवला आणि ओंजळीने करवंदं ओतू लागली. करवंद अंगठ्याला लागलं की हात थांबला. एक फळ बाहेर पडलं नाही.

ओव्हाळ बघतच राहिले. "भागीबाई, न बघता कसं जमतं?"

"आंगठा ठिवायचा काठाव. त्याला लागलं का माप भरलं."

"आणि पाटीत उरलं तर?"

"उरलं तर दुसरं माप घ्यायचं," भागीबाई म्हणाली, जणू ह्या माणसाला शिकवलंय तरी काय. "टाकून द्यायचं व्हय?"

जनाबाई करवंदांना ताट घेऊन आल्या तेव्हा नवरा अनवाणी, यंत्र होतं त्या शाळेच्या दिशेने निघालेला होता.

त्या सहा ओळींत ओव्हाळांनी चार ओळींची भर घातली. प्रत्येक अक्षर ठेवण्याआधी यंत्राने काठावर अंगठा टेकायचा. लागला की थांबायचं, शेजाऱ्याच्या घरात पाऊल टाकायचं नाही. आणि नाव उरलं असेल तर ते गुपचूप न कापता मोठं घर मागायचं. ह्या नव्या वस्तूला यंत्रात एक नाव द्यावं लागतं. पुण्याच्या मंडळींनी सगळीकडे इंग्रजी शब्द वापरले होते. ओव्हाळांनी थोडा विचार केला आणि इंग्रजी अक्षरांत लिहिलं, 'अंगठा'.

मग त्यांनी चंदरला बोलावून सांगितलं, "आता घाल तुझं माथेरान." चंदरने एक राव घातला, दोन घातले, सासऱ्याचा अख्खा वंश घातला. डोळा हलला नाही, गट हलला नाही. "तारबाबू, तुमी गरिबाची सोय मोडली," तो म्हणाला. पण जाताना हात जोडून गेला.

मेच्या शिबिरात छप्पन्न माणसं होती आणि ती पुन्हा आपापल्या गावची झाली होती. भागीबाई उजव्या डोळ्याला, सकाळच्या गटात; ती तिथे डॉक्टरांच्या चिठ्ठीने आली होती, नेम धरून नव्हे. पट्टी सुटली त्या दिवशी डॉक्टर जयाबाईंनी बोटं दाखवली, तर तिने त्या बोटांवरून पलीकडे भिंतीकडे पाहिलं.

"त्ये काय लटाकलंय?"

"यादी आहे," ओव्हाळ म्हणाले. "त्यात तुमचं नाव आहे." त्यांनी तिचं बोट धरून ओळीवर ठेवलं आणि हळूहळू शेवटापर्यंत नेलं. भागीबाई मंगळ्या आगिवले ठाकूरवाडी पळसदरी. इंग्रजीत सत्तेचाळीस घरं.

"ह्ये समदं मी?"

"सगळं तुम्ही."

भागीबाईने बोट पुन्हा पहिल्या अक्षरावर नेलं आणि एकटीने शेवटापर्यंत आणलं. डॉक्टरांनी यंत्र परत नेण्याचा विषय काढला नाही. वही कपाटात गेली.

दुरुस्ती पुण्याला कळवायला हवी होती, कारण तीच गळती शेकडो यंत्रांत असणार. पण पुण्याहून आधी भरून पाठवायचा एक छापील नमुना आला. संस्थेचा शिक्का हवा होता. शिक्क्याला सभेचा ठराव हवा होता, आणि सभेला गणसंख्या. तीन सभा गणसंख्येवाचून गेल्या. चौथ्या सभेत ओव्हाळांनी दाराजवळची खुर्ची सोडून हात वर केला. ह्या वेळी पान उलटायला नव्हे. नमुन्यात 'शैक्षणिक पात्रता' अशी एक ओळ होती. तिथे त्यांनी बराच वेळ घालवून 'वाचन' असं लिहिलं. 'दुरुस्ती सुचवणारा' ह्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलं. त्याखाली दुसरं नाव लिहिलं, आणि ते कागदाच्या कडेला पोचलं तेव्हा खालच्या ओळीवर पुढे नेलं.

पुढच्या वर्षी करवंदांच्या दिवसांत नवी फ्लॉपी आणि छापील मजकूर आला. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं की दुरुस्ती तपासली, फार महत्त्वाची आहे, ती सर्वांना कळवली आहे. 'अंगठा' ह्या संज्ञेचा अर्थ बंगलोर आणि मद्रासची मंडळी विचारतात, तरी तो कळवावा. शेवटच्या पानावर मदत करणाऱ्यांची यादी होती. ओव्हाळांनी ते पान शेवटीच उघडलं. तिथे 'के. एस. ओव्हल' असं छापलं होतं. तीस वर्षं लोकांची नावं तोडलेल्या माणसाला तक्रार करायला तोंड नव्हतं. पण त्याखालच्या ओळीत भागीबाई मंगळ्या आगिवले ठाकूरवाडी पळसदरी अख्खी उभी होती. त्या यादीतलं ते सगळ्यात लांब नाव होतं, आणि त्यातलं एकही अक्षर सांडलेलं नव्हतं.

कागद घेऊन ते स्टेशनबाहेर गेले. भागीबाई पाटी घेऊन बसली होती. त्यांनी सांगितलं की तिचा अंगठा आता पुण्याच्या, मुंबईच्या, बंगलोरच्या यंत्रांत आहे. भागीबाईने अंगठा वर करून उन्हात धरला आणि दोन्ही डोळ्यांनी नीट बघितला.

"हितंच हाय की," ती म्हणाली आणि माप भरू लागली. अंगठा पुन्हा काठावर होता.

"भागीबाई, आता तर स्वच्छ दिसतं ना? मग अंगठा कशाला?"

"दिसतंय म्हून काय झालं, दादा?" भागीबाई करवंदं ओतत म्हणाली. "मी बगते ना हितं बसून रोज. दिसनारेच सांडत्यात."